कॉम्प्युटरची बैठक

अप्पा, आपल्या घरात कॉम्प्युटर आलाय. लॅपटॉप नव्हे, टेबलावर बसणारा मोठा कॉम्प्युटर, शेजारी काळा डबा आणि त्याच्या पोटात फिरणारे पंखे. पुढच्या खोलीत जिथं तुमची वेताची खुर्ची होती, तिथं त्याचं टेबल लावलंय. खुर्ची टाकून दिलेली नाही, काळजी नसावी. ताडकळसहून आईबरोबर ती इथं सेलूला आली, ती आता आईच्या पलंगाशेजारी असते आणि तिच्यावर आईची धुतलेली लुगडी बसतात. आज मला सुट्टी आहे. तुमची नात शाळेत गेलीय, आई विहारात गेलीय, तुमचे जावई सोनपेठला त्यांच्या शाळेवर, ते शनिवारशिवाय उगवत नाहीत. म्हणजे घर रिकामं आहे आणि मला निवांत बसून तुमच्याशी भांडायचंय. भांडण जुनं आहे, मी आठवीत असतानाचं, कॅरमबोर्डाचं. तुम्ही विसरला असाल. मी विसरले नव्हते, आणि या कॉम्प्युटरपायी ते पुन्हा वर आलं.

आधी बैठकीची पद्धत लिहून काढते. तुमचीच पद्धत तुम्हाला सांगायची म्हणजे गंमतच, पण मला ती नीट आठवते का ते बघायचंय. कुठं चुकलं तर वह्या तपासताना करायचात तशी लाल खूण करा. घरात कुठलीही मोठी वस्तू यायची असली की रविवारी जेवणं झाल्यावर बैठक बसायची. स्वयंपाकघरातच, कारण आईला चूल सोडून पुढं यायला फुरसत नसायची. ज्वारीचा पत्र्याचा डबा मधे ओढायचा आणि बोलणाऱ्यानं त्या डब्यावर बसायचं. ज्याला ती वस्तू हवी, त्यानं तिच्या विरुद्ध बोलायचं. ज्याला नको, त्यानं तिच्या बाजूनं. उरलेला माणूस पंच, आणि पंचाचा शब्द शेवटचा. वसतिगृहात असताना तुमच्या एका सरांनी तुम्हाला हे शिकवलं होतं, वादविवाद स्पर्धेसाठी. न पटणारी बाजू मांडता आली तरच आपली बाजू आपल्याला कळते, असं ते म्हणायचे. तुम्ही ते उचलून थेट आमच्या चुलीपाशी आणलंत. अट एकच होती, मन लावून बोलायचं. तोंडदेखलं बोलणाऱ्याची बैठक रद्द. गल्लीतली माणसं हसायची आपल्याला. शेजारची मावशी आईला म्हणायची, "तुमच्या घरी मीठ आणायचं म्हणलं तरी भाषण लागतंय बाई."

टीव्हीची बैठक तर तुम्हाला आठवतच असेल. टीव्ही तुम्हाला हवा होता, बातम्यांसाठी, आणि आईला नको होता. म्हणून तुम्ही डब्यावर बसून टीव्हीला असं झोडपलंत की मला वाटलं, आता काही खरं नाही. मग आई बसली. आपल्याला बोलता येत नाही अशी तिची पक्की समजूत. पदर सावरला, जरा वेळ जमिनीकडं बघितलं आणि म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. दुनियेत काय चाललंय ते मला तुमच्या तोंडून कळतंय, तुमी सांगताव तेवढंच. टीव्ही आला तर मी माझ्या डोळ्यानं बघीन." तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पंच मी होते, दुसरीतली, आणि मला पहिल्यापासून टीव्ही हवाच होता, म्हणजे पंचच फितूर. मी "आणा" म्हणून मोकळी झाले. तरी टीव्ही माझ्यामुळं आला नाही, आईच्या त्या बोलण्यामुळं आला, हे त्या वयातही मला समजलं होतं. नको असलेल्या वस्तूच्या बाजूनं माणूस मनापासून बोलला की काय होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता कॅरम. विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं कॅरम खेळायची आणि मी गिरणीतून दळण आणायच्या निमित्तानं तिथं रेंगाळायची. एखादा कंटाळून उठला की मला डाव मिळायचा. माझा नेम चांगला होता, अप्पा. बढाई मारत नाही. कडेला चिकटून बसलेली सोंगटी मी अशी हळूच सोडवायची की मोठी पोरं एकमेकांकडं बघायची. पण पोरगी म्हणून दुसरा डाव कुणी द्यायचं नाही, पीठ खाली ठेवून मी पहिलाच डाव पुरवून पुरवून खेळायची. मला घरी कॅरम हवा होता. आपला बोर्ड असला की कुणी उठायची वाट बघावी लागणार नाही, एवढं साधं. तुम्हाला नको होता. तुमच्या लेखी कॅरम म्हणजे पानटपरीवरच्या रिकामटेकड्यांचा उद्योग. बैठक ठरली. मी विरुद्ध बोलणार, तुम्ही बाजूनं, आई पंच.

मी जीव तोडून तयारी केली. विरुद्ध कितीही चांगलं बोलले तरी मला धास्ती नव्हती, कारण बाजूनं बोलायला तुम्ही होतात. जयंतीला ज्यांचं भाषण ऐकायला आजूबाजूच्या गावातली माणसं बैलगाडीनं येतात ते माझे अप्पा. कॅरमचं वकीलपत्र तुमच्याकडं, मग मला कसली काळजी. म्हणून मी डब्यावर बसून कॅरमची पार सालटी काढली. बोर्ड ठेवायला जागा नाही. पावडर सांडेल. लाईट गेली की नुसतं बसून राहायचं. स्ट्रायकरच्या टकटकीनं अप्पांना वह्या तपासता येणार नाहीत. गल्लीतली सगळी पोरं आपल्या दारात गोळा होतील आणि माझं गणित, जे आधीच कच्चं आहे, ते पार बुडेल. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तुम्ही डब्यावर बसलात. अजून दिसतं मला. पांढरा सदरा, खिशाला पेन, रविवार असूनही दाढी केलेली, कारण तुम्हाला कुठंतरी सभेला जायचंय. तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघता. म्हणता, "कॅरमनं मन एकाग्र होतं. नेम सुधारतो." आणि थांबता. मी वाट बघतेय. आई घासायचं भांडं हातात तसंच धरून वाट बघतेय. "झालं," म्हणता, आणि उठता.

आईनं निकाल दिला, नको. दुसरं ती देणार तरी काय. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "लय भारी बोललीस. माझ्यापेक्षा भारी." दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना निळ्या टोपणाचा शाईपेन घेऊन आलात, बक्षीस म्हणून. मी तो घेतला, पाया पडले, आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. मला तुमचा राग आला होता. हरल्याचा नाही. तुम्ही तुमचाच नियम मोडला होता आणि बैठक रद्द झाली नव्हती, कारण रद्द करणारे तुम्हीच होतात.

ही एक तक्रार सोडली तर तुम्ही मला बोट ठेवायला फारशी जागा ठेवली नाहीत, हेही सांगते. परभणीच्या वादविवाद स्पर्धांना तुम्ही मला एसटीनं न्यायचात आणि सभागृहात सगळ्यात मागं उभे राहायचात. मी बोलायला लागले की लांबून मला तुमचे ओठ हललेले दिसायचे, शब्दाला शब्द. तुमचे ओठ पुढं गेले की मला कळायचं, मी काहीतरी विसरले. आज ऑफिसात कुणाचं काही अडलं की लोक मलाच पुढं करतात. "ताई, साहेबांशी तुमीच बोला," म्हणतात. साहेबांची बाजू आधी साहेबांनाच नीट मांडून दाखवली की ते निम्मे विरघळतात, हे तुमचं शिकवणं. मी ते कुणाला सांगत नाही. सगळ्यांना वाटतं माझ्या जिभेवर साखर आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात जन्मायची होती. तुमच्यानंतर बैठक बसली नाही. वस्तू येत गेल्या, फ्रिज आला, स्कूटी आली, कुणी कुणाविरुद्ध बोललं नाही. आणि आता ही पोरगी. नववी संपतेय, उंचीला माझ्या पुढं गेलीय, नाक तुमचं. परभणीला तिच्या आत्याच्या घरी तिनं मोठ्या कॉम्प्युटरवर एक खेळ बघितला, त्यात ट्रॅक्टर चालवून शेती करायची असते, आणि तेव्हापासून तिला तसा कॉम्प्युटर हवा होता. शाळेचे प्रोजेक्ट, कोडिंगचा तास, नकाशे, तक्ते, हे सगळं ती माझ्या मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे बारीक करून करायची, हे खरं होतं. पण तिला खेळायचंही होतं, हेही तितकंच खरं. मला अजिबात नको होता. दिवसभर ऑफिसात त्याच्याच तोंडाकडं बघायचं, मान आखडून घ्यायची, आणि घरी येऊन पुन्हा तेच तोंड? शिवाय दहावीचं वर्ष. मी म्हणाले, बारावी होऊ दे. जेवताना ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, आपण आजोबांसारखी बैठक घेऊ."

आईनं तिला सगळं सांगून ठेवलेलं होतं. मी म्हणाले, "बैठक घेतली तर तुला विरुद्ध बोलावं लागेल, माहितेय ना?" म्हणाली, "माहितेय. आन् तुला बाजूनं. ऑफिसात तू ज्याच्या बाजूनं बोलतेस त्याचं काम होतंय, पप्पाच म्हणतात." म्हणजे हिनं मला विरोधक म्हणून नव्हे, वकील म्हणूनच धरलं होतं. मला हसू आलं आणि लगेच कॅरम आठवला. कारण ही तीच जागा होती, अप्पा. आठवीतल्या मुलीनं जिथं पूर्ण भरवसा टाकला होता, ती जागा. फक्त या वेळी ज्याच्यावर भरवसा टाकला ते माणूस मी होते. मी दोन वाक्यं बोलून "झालं" म्हणून उठले, तर कॉम्प्युटर येणार नव्हता, मला तेच तर हवं होतं, आणि नियम मोडला असं कुणी म्हणूही शकलं नसतं. पण मग मी कुठल्या तोंडानं तुमच्यावर रुसून राहणार होते?

म्हणून मी ठरवलं, तयारी करायची, आणि ती पूर्ण करायची. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी रेल्वेनं परभणीला गेलो, कॉम्प्युटरच्या दुकानात. तिथं जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. दुकानदार पोक्त माणूस, चष्मा कपाळावर, कानाला फोन. आमच्याकडं बघून त्यानं ओळखलं असणार, पोरीला गेमचा कॉम्प्युटर पाहिजे, आई नको म्हणणार. तो मला समजावायच्या तयारीतच उभा राहिला. मी म्हणाले, "मला चांगला दाखवा. नुसता अभ्यासाचा नको, त्यावर गेम नीट चालली पाहिजे." तेवढ्यात ही मागून म्हणाली, "काका, गेम चालत नाही असाच दाखवा. किंवा दाखवूच नका." तो चष्मा डोळ्यांवर घेऊन आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागला.

पुढचा सगळा वेळ असाच गेला. तो म्हणायचा, ग्राफिक्स कार्ड वेगळं घेतलं तर खेळातलं चित्र अडखळत नाही. मी म्हणायची, मग घ्यावं का? ही म्हणायची, कार्डामुळं लाईटबिल वाढतंय आन् डबा तापतोय, आपल्याकडं उन्हाळ्यात माणसं तापतेत, त्याचं काय होईल? मी रॅम वाढवायला सांगायची, ही काढायला सांगायची. मी विचारलं, "तुमच्या दुकानातली ही वस्तू घेऊ नये असं काय काय आहे हिच्यात, ते खरं सांगा." त्यानं आयुष्यात हा प्रश्न ऐकला नसावा. शेवटी त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "ताई, माझ्या दुकानात पोरं रडत्यात आन् आईबाप हात धरून बाहेर नेतेत. तुमचं उलटंच चाललंय. बेटा, गेम कोण खेळती, तू का तुझी मम्मी?" ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "माहीत न्हाई काका. लय मागं लागलीय ती."

चहा झाल्यावर मात्र तो माणूस खुलला. त्यानं एक डबा उघडून आतलं दाखवलं आणि समजावलं. शाळेच्या कामाला कुठलाही साधा कॉम्प्युटर पुरतो, अडतं ते खेळाला. म्हणून सुरुवातीला प्रोसेसर चांगला घ्या, साधेसुधे खेळ तो एकटा ओढतो. बाकीचं बेताचं घ्या, पण आत जागा सोडा. वीज पुरवणारा भागही जरा ताकदीचा बसवा, म्हणजे पुढं वाटलं तर कार्ड लावता येईल, रॅम वाढवता येईल, डबा तोच राहील. लॅपटॉपचं तसं नसतं, तो घेतला तसा म्हातारा होतो. मला हे एकदम पटलं. आपल्यासारखी माणसं घरसुद्धा असंच बांधतात, आधी एक खोली आणि वर सळया मोकळ्या सोडलेल्या. परत येताना गाडीत मी खिडकीशी बसून मनात मुद्दे जुळवत होते आणि समोर ही पोरगी ओठ हलवत तिचे मुद्दे पाठ करत होती. तिचे ओठ हलताना बघून मला एकदम तुमची आठवण आली, तीही इतकी की मी बाहेर बघायला लागले.

रविवारी बैठक बसली. आईनं तो पत्र्याचा डबा जपून ठेवलाय, हे मला माहीतच नव्हतं. त्यात आता गोधड्यांच्या चिंध्या असतात. आई पंच. जावई म्हणाले, "मी नुसता ऐकणार, मला ह्यात ओढू नका," आणि भिंतीला टेकून बसले. आधी पोरगी डब्यावर बसली. तिनं डोळ्यांचं सांगितलं, मानेचं सांगितलं. मग म्हणाली, जिनिंग सुरू झालं की सेलूत कापसाचा फुफाटा सगळ्या घरात बसतो, पलंगाखाली सुद्धा, तो पंख्यांतून त्या डब्यात जाणार आणि मशीन गुदमरणार. हे मला दुकानात सुचलं नव्हतं. आणि शेवटी ती म्हणाली, "अभ्यासासाठी पाहिजे असं मी म्हणत होते. ते अर्धंच खरं हाय. मी खेळणारच. दहावीच्या वर्षात माझा माझ्यावर भरवसा न्हाई. ज्याचा स्वतःवर भरवसा न्हाई त्याला एवढी मोठी वस्तू देऊ नये." आणि उठली. मन लावून बोलली होती ती, अप्पा. काही राखून ठेवलं नव्हतं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती ते भरलेले नाहीत असं दाखवत होती.

मी डब्यावर बसले. फुफाट्याला माझ्याकडं उत्तर होतं, जाळी लावायची आणि दर रविवारी पुसायचं, वरवर नाही, मनापासून. डोळ्यांना उत्तर होतं, मोबाईलपेक्षा मोठा पडदा लांबून बघता येतो. ती किती खेळते ते आम्हाला दिसायला हवं, तर त्यालाही उत्तर होतं, हे मशीन पुढच्या खोलीत राहील, मोबाईलसारखं पांघरुणात जाणार नाही. आत जागा सोडायची, सळया मोकळ्या, तेही सांगितलं. आणि मग तिच्या शेवटच्या मुद्द्यापाशी आले आणि माझे तयार केलेले मुद्दे संपले. मग मी म्हणाले, "अभ्यासासाठी घेऊच नका. खेळायलाच घ्या. अभ्यास ती कशावरही करेल, आतापर्यंत केलाच ना. पण खेळायला पोरीला हक्काची जागा लागते. दुसऱ्याच्या ओट्यावर, कुणी उठायची वाट बघत, एकच डाव पुरवून खेळायचा, ही काही खेळायची रीत नव्हे. जिला खेळ मनसोक्त मिळतो तिला तो ठेवताही येतो. ज्याला मिळत नाही त्यालाच तो सुटत नाही. मी सांगते, माझा तिच्यावर भरवसा आहे." मी कॉम्प्युटरबद्दल बोलतेय की कशाबद्दल, ते मलाच नीट कळत नव्हतं. जावयांना कळलं नाही. पोरीला थोडं कळलं असावं. आईला सगळं कळलं.

आई म्हणाली, "आणा." मग डब्याकडं बघत म्हणाली, "कॅरमचं बोललीस तू." मी डब्यावरून उठले. ती म्हणाली, "तवा बी मी हो म्हणायला बसले होते. त्यांनी नीट बोलायला पाहिजे होतं. बोललेच न्हाईत." मी म्हणाले, "ते मुद्दामच बोलले नाहीत." आणि एवढ्या वर्षांचा राग त्या वाक्यात निघाला. आई हसली. म्हणाली, "मुद्दाम न्हाई बाई. त्यांना काय ठावं खेळाचं? सकाळी दुसऱ्याची गुरं, मग शाळा, मग वसतिगृहात गेले ते पुस्तकात मुंडी घालून. गोट्या सुद्धा कवा हातात धरल्या न्हाईत. टीव्हीवर बोलायला मला माझं दुःख होतं. खेळाच्या बाजूनं बोलायला त्यांच्यापाशी काय होतं?"

मी हे कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही कुठल्याही बाजूनं बोलू शकता. तुम्ही डब्यावर बसलात आणि तुम्हाला खरंच दोनच वाक्यं सुचली, तीही कुठंतरी वाचलेली, आणि घड्याळ बघायचं ते बोलायला काही उरलं नाही म्हणून. तुमच्यासारख्या माणसाला लेकीसमोर शब्द संपल्याचं किती लागलं असेल. मग तो निळ्या टोपणाचा पेन. तुम्ही भारी बोललीस म्हणालात, ते मला तेव्हा चिडवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही ते मनापासून म्हणाला होतात. असो. राग गेलाय, पण पूर्ण नाही. थोडा ठेवलाय, सवयीचा झालाय तो.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी पोरीनं जोडायला कुणाला हात लावू दिला नाही. आईनं त्याच्या काळ्या डब्याला फूल वाहिलं. मग तो शेतीचा खेळ सुरू झाला, पडद्यावर हिरवंगार रान, बांधापासून बांधापर्यंत. आई खुर्ची ओढून बसली, तुमचीच खुर्ची, आणि म्हणाली, "हे रान कुणाचं म्हणायचं?" पोरगी म्हणाली, "आपलंच की आज्जी." आई बराच वेळ बघत राहिली. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात निंदायला गेलेली बाई ती. मग म्हणाली, "त्या कोपऱ्याला चिंच लाव मग. सावलीला बायका बसतेत." खेळात चिंच मिळत नाही म्हणून पोरीनं सांगितलं तर आई रुसली. आता रोज संध्याकाळी अभ्यास आटोपला की दोघी आपल्या रानात जातात. आई सांगते, पोरगी चालवते, आणि आई म्हणते, "हळू हाक की, पेरायलाय का पळायलाय?" दहावीचं काय होईल ते होईल. पण पोरगी वेळ झाली की स्वतः बंद करते, हे मी बघितलंय. तिला ते सोपं जातं असं नाही, पण ती करते.

आणि आता हे पत्र. छापून तरी कुठं पाठवणार, ताडकळसच्या घरात आता दुसरे लोक राहतात. इथंच राहू दे, कॉम्प्युटरच्या या डब्यात. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, ती घरात कुणालाच माहीत नाही. पोरीनं एकदा न बोलता यात कॅरमचा खेळ टाकून ठेवला आणि शाळेला निघून गेली. सोंगट्यांचा आवाज अगदी तसाच येतो, अप्पा. त्यात दोन खेळणारे लागतात, आणि प्रत्येकाचं नाव विचारतात. एकात मी माझं लिहिते, दुसऱ्यात अप्पा. तुमच्या वाटचे डाव मीच खेळते, आणि तोंडदेखलं नाही, मन लावून. काल तुम्ही राणी घेतलीत, आणि जिंकलात.